थोरल्या भोवऱ्याला टेकलेले लोक

मला बंद केल्याने मोठ्या साहेबांना काय काय मिळणार होते, ते आधी मांडतो. एक अख्खी रिकामी शेड, अहवालात 'जुने यंत्र काढले' अशी ठळक ओळ, आणि त्या ओळीच्या टेकूने वरची खुर्ची. मला काय मिळणार होते? ताडपत्री.

मित्रांनो, मी एक जुना फिरता कंडेन्सर आहे. वीज केंद्राच्या मागच्या शेडमध्ये तीस वर्षे गरगरतो आहे, म्हणून कामगार मला थोरला भोवरा म्हणतात. मी वीज बनवत नाही, तिचा तोल सांभाळतो. तारांमधला दाब पडू लागला की माझे जड अंग त्याला सावरून धरते. पण न झालेल्या अंधाराबद्दल आभार कोण मानतो? मानले ते मला तेल घालणाऱ्या एका मामांनी. रोज सकाळी माझ्या अंगावर हात ठेवून विचारायचे, "काय थोरले, ताप नाही ना?"

मग लांबून वीज आणायला डीसीची नवी लाइन आली. आमची एसी वीज झोपाळ्यासारखी मागेपुढे होते, डीसी नाकासमोर चालते. लांबच्या वाटेला तीच बरी, त्यात वाद नाही. पण शहरात शिरताना तिला एसी व्हावे लागते, आणि तो पालट करणाऱ्या केंद्राला दाब स्थिर लागतो. दाब डळमळला की ते हात वर करून मोकळे.

या सगळ्याचे नियोजन दोन खोल्यांत चाले, एक एसीची, एक डीसीची. मध्ये बोळ चार पावलांचा, पण तो ओलांडणे दोघांनाही कमीपणाचे वाटे. मामांची भाची एसीच्या खोलीत नवी होती, तिला हा मान-अपमान ठाऊक नव्हता. तिने पलीकडे जाऊन त्यांची फाइल उघडली आणि तशीच साहेबांकडे गेली.

"साहेब, डीसीवाल्यांनी गणितात भोवरा चालू धरलाय. आपण भोवरा बंद धरून त्यांच्या केंद्राचा आधार धरलाय. मग कोण कोणाला धरणार?"

"अगं, दोन्ही गणितं बरोबर आलीत ना?"

"वेगवेगळी बरोबर आलीत. एकत्र मांडायला आठ दिवस द्या."

"नव्या लाइनच्या उद्घाटनाला पाहुणे गुरुवारी येतायत. आठ दिवस काय त्यांना चहा पाजत बसू?"

एकाच छत्रीच्या भरवशावर दोघे निघाले, आणि छत्री दुसऱ्याने घेतली असेल असे प्रत्येकाला वाटले! शाळेतली मुलेसुद्धा निघताना विचारतात हो, "डबा कोणी घेतला?"

गुरुवारी अकरा वाजता मामांनी माझी कळ खाली ओढली. "हात माझा, डोकं तुमचं. लक्षात असू द्या, साहेब," ते म्हणाले. साहेब पाहुण्यांकडे बघून हसले.

अर्ध्या तासाने वारा सुटला आणि फाटकाजवळच्या झाडाची फांदी तारेला लागली. ती छाटा म्हणून मामांनी तीन अर्ज केले होते. मी फिरत असतो तर तो धक्का शिंकेसारखा निघून गेला असता. त्या दिवशी दाब कोसळला, डीसीच्या केंद्राने हात वर केले आणि पाहुण्यांचा माइक 'अखंड वीज' या शब्दांवर बंद पडला. भरदिवसा शहर ठप्प. कोणी लिफ्टमध्ये अडकले, कोणाचे पाणी गेले.

मला थांबवायला एक कळ पुरली होती. पुन्हा वेग धरायला पाच तास लागले, आणि मामा कोपरापर्यंत तेलात बुडाले.

पुढे भाचीने आठ दिवसांची रजा टाकून दोन्ही गणिते एकत्र मांडली. माझ्या जागी दुसरा आधार येईपर्यंत मला हलवायचे नाही, असे ठरले. मित्रांनो, मला हारतुरे नकोत. एखादी जुनी वस्तू काढण्याआधी तिला कोण कोण टेकले आहे, एवढे फक्त विचारत जा. आणि मधला बोळ ओलांडत जा, पाय झिजत नाहीत.

आता शेवटची बेरीज. साहेबांना खुर्ची मिळाली. दोन्ही खोल्यांनी बोळ न ओलांडता एकमेकींना पत्रे पाठवली. भाचीची रजा गेली. चौकशी अहवालात दोषी ठरली ती फांदी.

फांदी हातभर होती. तोडले अख्खे झाड. त्याच्या सावलीत मामा तीस वर्षे जेवत होते. आता ते उन्हात जेवतात.