खड्ड्याकाठची डबी

मी एक जुनी डबी आहे, मित्रांनो. पत्र्याची, मुठीएवढी, तळाशी उघडी. आज गोठ्यामागच्या खड्ड्याकाठी, खांबावर गंज खात लटकते आहे. पण एके काळी माझा तोरा काही वेगळाच होता.

माझ्या पोटात आम्लात भिजवलेला कागद असायचा. शेणामुताच्या खड्ड्यातून अमोनिया निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माझा कागद त्याला टिपून घ्यायचा. दर महिन्याला तपासनीस ताई यायची, जुना कागद प्रयोगशाळेत न्यायची, नवा घालायची. "हा वायू गाड्यांच्या धुरात मिसळला की त्याची बारीक धूळ होते आणि माणसांच्या छातीत बसते," ती सांगायची. "कुठून किती निघतो ते कळू दे. ज्या खड्ड्यातून जास्त, त्याला आधी झाकण देऊ."

झाकणाची खरी गरज होती या गोठ्याच्या मालकीणबाईंना, आमच्या काकूंना. गोठा त्याच झाडायच्या, गाईंशी गप्पा मारत धारा काढायच्या आणि मधेच खोकत खाली बसायच्या.

काकांना मात्र मी चुगलखोर वाटले. "आकडा मोठा आला तर गोठाच बंद करतील. झाकली मूठ सव्वा लाखाची!" असं म्हणत त्यांनी मला कुंपणापलीकडच्या झाडावर टांगलं. वारा तिकडून गोठ्याकडे वाहायचा. ताई यायच्या दिवशी तेवढी मी खांबावर. वर्षभर मी नुसती स्वच्छ हवा टिपली. 'या गोठ्यातून फारसं काही निघत नाही,' असा अंदाज निघाला. ताईने काकांचं कौतुक केलं आणि झाकणं शेजारच्या गोठ्यांना गेली. मोजणीचं वर्ष सरलं आणि मी अडगळीत पडले.

हिवाळ्यात धुरकं दाटलं. काकूंचा खोकला थांबेना. "गोठ्याजवळ फिरकायचंसुद्धा नाही," डॉक्टरांनी बजावलं. त्या दूर बहिणीकडे राहायला गेल्या, त्या कायमच्याच. गाई अजून त्यांच्या हाकेची वाट बघतात आणि काकांच्या हाताला पान्हा चोरतात.

एका सकाळी काकांनी मला शोधून काढलं, पुसलं आणि पुन्हा इथे टांगलं. "आता खरं सांग गं बाई," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मोजणी कधीच संपली होती.

मित्रांनो, तुमच्या दारी कुणी मोजायला आलं, तर खरं मोजू द्या. तो आकडा तुमच्याच घरातल्या कुणाच्या तरी श्वासाचा असतो. काका मला रोज पुसतात. पण माझ्या पोटात आता कागद नाही.