तासिनारी मालकांची दाढी

तासिनारी मालकांच्या गालाला वस्तरा लावायचा नाही, असा मजूर संघाचा हुकूम निघाला, तेव्हा ओलिंदो न्हावी मनातून खूश झाला. मालकाने तागाच्या कापणीला बाहेरगावचे मजूर आणले होते, म्हणून अख्ख्या गावाने त्याला वाळीत टाकलं होतं. पाव तो फेरारा शहरातून मागवू शकत होता. दाढीचं काय? त्याने जन्मात कधी स्वतःची दाढी केली नव्हती. थोड्याच दिवसांत त्याचा कुत्रा त्याच्यावर भुंकू लागला. बायको भुंकत नव्हती, नुसतं दार लावून घ्यायची.

गाव हसलं. माणूस बाकी सगळं विसरतो, कुणी आपल्याला हसलं ते विसरत नाही.

ओलिंदोच्या दुकानात तेव्हा रोज क्रांती व्हायची. संघाचा चिटणीस खुर्चीत मान टाकून म्हणायचा, "जमीन आपलीच आहे रे!"

"मग घ्या की."

"आधी परिषदेत ठराव होऊ दे."

ठराव व्हायच्या आत लॉरी आली. काळे शर्ट घातलेली पोरं. काही लढाईवरून पदकं घेऊन परतलेली, घरी काम नसलेली. काही लढाईच्या वेळी शाळेत असलेली, आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती तीच. म्होरक्या लेआर्को, बँकेतला जुना कारकून. लॉरी, पेट्रोल, जेवण, सगळं तासिनारीचं.

संघाचं घर पेटलं तेव्हा गावचा फौजदार ओलिंदोच्या खुर्चीत होता.

"फौजदारसाहेब, आग!"

"डोळ्यांत साबण गेलाय रे."

"साबण अजून वाटीत आहे, साहेब."

"मग लाव लवकर."

मागोमाग लेआर्को आत आला. त्याने आरशाखालच्या फळीवर एरंडेलाची बाटली ठेवली आणि फौजदाराला उठवून, सोबत आणलेल्या दाढीवाल्या तासिनारीला खुर्चीत बसवलं. "काय न्हावीबुवा, याची दाढी करतोस का ही पितोस?"

पलीकडच्या गावात काय झालं ते ओलिंदोला ठाऊक होतं. तिथल्या शिक्षकाला बाटलीभर एरंडेल पाजून, जुलाब होईपर्यंत चौकात उभं केलं होतं. ओलिंदोने वस्तरा उचलला. आयुष्यातली सगळ्यांत सफाईदार दाढी त्याने त्या दिवशी केली, आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

लेआर्को बाहेर पडल्यावर मालक गाल चोळत खुशीत म्हणाला, "घाबरू नकोस. ही पोरं हंगामी गडी आहेत. सान मार्तीनोला परत पाठवतो."

सान मार्तीनोच्या सणाला कुळांचे करार संपतात, बिऱ्हाडं गाड्यांवर चढतात. मालकाने आजवर त्या दिवशी कितीतरी माणसं हाकलली होती. आणखी एक लॉरीभर, एवढाच त्याचा हिशेब.

सण आला. रस्त्यावर गाद्या, कोंबड्या, म्हाताऱ्या घेऊन गाड्या चालल्या होत्या. तासिनारी दुकानात शिरला तर खुर्चीत लेआर्को, बाकावर त्याची पोरं.

"लेआर्को, हंगाम संपला बरं का."

"कुणाचा?" लेआर्को फेसातून म्हणाला. "तुमच्या घराचा वरचा मजला लागणार आहे मला, कचेरीला. तुमचं सामान हलवायला गाडी सांगू का?"

पोरं खिदळली. मालक ओलिंदोच्या कानाशी आला. "संघातली माणसं कुठं आहेत रे? त्यांना जरा शब्द टाक ना."

"काही तुरुंगात, काही फ्रान्सात पळालेली. बसायची जागा तर जाळलीत तुम्ही. पेट्रोल छान होतं, मालक, लगेच पेटलं."

"ए न्हावी!" लेआर्कोने मान मागे टाकली, गळा वर केला. "मजला मिळेपर्यंत यांची दाढी करायची नाही. हुकूम आहे."

ओलिंदोने आरशात पाहिलं. हुकूम तोच, गाल तोच. बाटली फळीवरच होती, आता अर्धी झालेली. तासिनारी तोंड पाडून बाहेर पडला. त्याच्यावर हसायला ओलिंदोने तोंड उघडलं, पण हसू काही येईना.

"का थांबलास?" लेआर्को म्हणाला.

"काही नाही, साहेब," ओलिंदो म्हणाला. "डोळ्यांत साबण गेला."