एका आडनावाची जागतिक सभा

दातांच्या डॉक्टरांना एक सोय असते, जी वकिलाला नाही, मास्तरांना नाही आणि पुढाऱ्याला तर मुळीच नाही. समोरच्याचं तोंड सताड उघडं असतं, तरी त्याला बोलता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी या सोयीचा जन्मभर फायदा घेतला. दाढेत भूल दिली, गालात कापूस कोंबला की ते आपल्या आडनावाची कुळकथा सुरू करत. पेशंट नुसतं "आं आं" करी, आणि डॉक्टर तो होकार समजून पुढे जात.

आडनाव कोणतं, ते इथे सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही नात्यातले निघाल, आणि मग डॉक्टरांच्या तावडीतून तुम्हाला सोडवायचं कुणी?

तर हे आडनाव म्हणे एका सेनापतीचं. सगळी फौज पळाली, पण हा पठ्ठ्या खिंडीत एकटा उभा राहिला, मागे फिरला नाही. म्हणून लोक त्याला "न फिरणारा" म्हणू लागले आणि त्याचंच पुढे आडनाव झालं. पुरावा काय, तर डॉक्टर स्वतः कुणाचं ऐकून आजवर कधी मागे फिरले नव्हते. अडचण एवढीच होती की जगात जिथे जिथे हे आडनाव सापडलं, तिथे अर्थ भलताच निघाला. एका थंड देशात त्याचा अर्थ किटल्या दुरुस्त करणारा. एका बेटावर बदकं राखणारा. आणखी कुठे नदीच्या वळणावर राहणारा. दुसरा कुणी असता तर इथेच गप्प बसला असता. डॉक्टर म्हणाले, हे वेशांतर आहे. शत्रू मागावर होता ना, म्हणून सेनापतीच्या एका मुलाने बदकं पाळली आणि दुसऱ्याने किटल्यांना डाग दिले. धंदे वेगळे, रक्त एकच.

दवाखान्यात खुर्चीच्या बरोबर वर, छताला, त्यांनी जगाचा नकाशा चिकटवला होता. माणूस आडवा झाला की त्याची नजर नेमकी तिथे जाई. जिथे जिथे आडनावाचं माणूस, तिथे तिथे लाल टिकली. समुद्राच्या मधोमधसुद्धा एक टिकली होती. तो बोटीवरचा आचारी होता, त्याला एका जागी राहायची सवय नव्हती. त्याचं पत्र आलं की डॉक्टर शिडी लावून त्याची टिकली सरकवत, आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे बाईच म्हणत, खाली शिडी धरून उभ्या राहत.

"अहो, पडाल," बाई म्हणायच्या.

"पडलो तरी कुठे परक्यात पडणार आहे? सगळीकडे आपलीच माणसं आहेत."

एवढा सोस कशासाठी, असं कुणालाही वाटेल. त्याचं कारण डॉक्टर स्वतःच सांगत, तेही प्रत्येक पेशंटला. "मला एक मुलगीच. आमच्या घरातलं हे नाव माझ्याबरोबर संपलं." हे सांगताना मुलगी शेजारीच उभी असे. तीही दातांचीच डॉक्टर. हात बापापेक्षा हलका, त्यामुळे लोक दारात चप्पल काढता काढता हळूच विचारत, "आज धाकट्या डॉक्टर आहेत ना?" बाप "नाव संपलं" म्हणाला की ती आरसा त्याच्या हातात देई आणि पुढच्या पेशंटला बोलवी. तिने कधी काही म्हटलं नाही. न बोलणाऱ्या माणसाला काही वाटत नाही, असा डॉक्टरांचा समज होता.

मग डॉक्टरांना कल्पना सुचली. दवाखान्याबाहेर त्यांनी पाटी लावली: आमच्या आडनावाच्या माणसाचे दात मोफत साफ करून मिळतील. बाईंनी कपाळाला हात लावला. पण पाटी वाचून खरंच एक जण आला. लिफ्ट दुरुस्त करणारा तरुण, बोटांना वंगणाचा वास, खिशात पाना. त्याचं आडनाव ऐकून डॉक्टरांनी हातमोज्यांसकट त्याला मिठी मारली. मग मुलीला हाक मारली. "हा बघ, तुझा भाऊ. इतकी वर्षं भाऊ नाही म्हणत होतीस ना? दादा म्हण याला."

मुलीने चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. "दादा, आ करा," ती म्हणाली.

लिफ्टवाल्याचे दात चांगले होते. तरी ते साफ करायला एक खेप पुरली नाही, दोन पुरल्या नाहीत. तो येतच राहिला. एकदा दवाखान्याच्या इमारतीची लिफ्ट बंद नसतानाही तो ती दुरुस्त करायला आला. बाईंच्या लक्षात आलं. "अहो, त्याच्या दातांत साफ करायला आता दातच उरले आहेत," त्या म्हणाल्या.

"रक्ताची ओढ आहे ती," डॉक्टर म्हणाले. "तुला नाही कळायची."

एके दिवशी जेवता जेवता मुलीने सांगितलं, "मी त्याच्याशी लग्न करणार आहे."

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. "भावाशी?"

"भाऊ तुमचा, बाबा. मी त्याला ओळखते तो लिफ्टवाला म्हणून."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, अशी डॉक्टरांची गत झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला गाठलं. तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता, फक्त डोकं वर दिसत होतं. डॉक्टरांनी वाकून विचारलं, "तुझं मूळ कुठलं? खरं सांग."

"बदकं, काका," तो म्हणाला. "आजोबा, पणजोबा, सगळे बदकंच पाळायचे. सेनापती मी पहिल्यांदा तुमच्याकडेच ऐकला."

"ते वेशांतर होतं."

"असेल बुवा. पण खूप पिढ्या चाललं मग."

आता इथे खरी गोम होती, ती समजून घ्या. पंधरवड्यावर आडनावाची जागतिक सभा आली होती. अध्यक्षपदाला दोघे उभे होते. एक आपले डॉक्टर, दुसरे त्यांचे थोरले चुलत भाऊ, निवृत्त न्यायाधीश. न्यायाधीशांचं म्हणणं, खरे आपण तेवढे, बाकी जगातले सगळे योगायोगाचे. डॉक्टरांचं म्हणणं, जगातला या आडनावाचा एकूण एक माणूस एका रक्ताचा. परदेशातली सगळी मतं डॉक्टरांना, ती याच एका वाक्यावर. ते वाक्य खरं धरलं तर मुलीचं लग्न मोडतं. खोटं धरलं तर अध्यक्षपद जातं, आणि आजवर ज्यांच्या ज्यांच्या तोंडात हात घातला ते सगळे गावभर हसतात.

"सरळ सांगून टाका ना, रक्त एक नाही म्हणून," बाई म्हणाल्या.

"जगाला काय तोंड दाखवू?"

"जगाचं राहू द्या. घरात एक पोर आहे, तिचं बघा."

मुलीने तर स्पष्टच सांगितलं. "मला परवानगी नको आहे, बाबा. तुम्ही यायला हवे आहात. आला नाहीत तर लग्न होईलच, पण त्याला दुसऱ्या शहरात काम मिळालंय, मग आम्ही तिकडे जाऊ. दवाखाना तुम्ही बघा, नाव तुम्ही बघा." तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच डॉक्टरांना ते खरं वाटलं. ही गेली तर सकाळी दवाखान्याचं कुलूप कुणाबरोबर उघडायचं, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला. तरी ते बोलले एवढंच, "सभा होऊ दे, मग बघू."

सभेला भाड्याचा हॉल घेतला होता. समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाजूला मोठा पडदा, पडद्यावर देशोदेशींचे चेहरे. कुणी तिथे पहाट म्हणून जांभई देत होतं, कुणी आवाज येत नाही म्हणून कानाला हात लावून दाखवत होतं. बोटीवरचा आचारी मधूनच तिरका व्हायचा. मंचामागे कापडावर छापलेला वंशवृक्ष टांगला होता, जमिनीपासून पंख्यापर्यंत. बुंध्याशी मिशीवाला सेनापती. फांद्यांवर किटलीवाले, बदकवाले, नदीवाले. डॉक्टरांचं पान मधल्या फांदीच्या टोकाला, आणि त्याच्यापुढे कोरं कापड.

चहा झाला आणि न्यायाधीश उठले. घरची बातमी त्यांना कळली नसती तरच नवल. "सभेपुढे एक प्रश्न ठेवतो," ते म्हणाले. "डॉक्टरांच्या मुलीचं लग्न आपल्याच आडनावाच्या मुलाशी ठरतंय. डॉक्टर म्हणतात, सगळ्यांचं रक्त एक. मग भावाबहिणीचं लग्न होतं कसं? आणि लग्न होणार असेल, तर रक्त एक कसं? डॉक्टरांनी खुलासा करावा."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. डॉक्टर माइकसमोर उभे राहिले. इतकी माणसं, सगळ्यांची तोंडं मिटलेली, आणि सगळ्यांना बोलता येत होतं.  आपलेच दात, आपलेच ओठ, चावा कुणाला घ्यायचा?

तेवढ्यात मुलगी मंचावर आली. बापाकडे न बघता ती सरळ झाडाकडे गेली.

"मला जरा दाखवा," ती न्यायाधीशांना म्हणाली, "यात मी कुठे आहे?"

न्यायाधीशांनी चष्मा लावला. डॉक्टरांच्या पानापर्यंत आले आणि थांबले. "मुली झाडावर घ्यायच्या नाहीत असा नियम आहे. त्या दुसरीकडे जातात."

"नियम कुणी केला?"

"तुझ्या बाबांनी."

"मग झालं," ती म्हणाली. "हे आचारीकाका झाडावर आहेत, त्यांना कुणी कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही. मी रोज बाबांच्या शेजारी उभी असते, मी झाडावर नाही. म्हणजे मी या कुळातली नाहीच. मग हा माझा भाऊ कसा?"

माणसं माना वर करून झाडावर तिचं नाव शोधू लागली. मग न्यायाधीशांचा चेहरा हळूहळू उजळला. सगळी हयात कायद्याच्या फटी शोधण्यात गेलेली, आणि अशी सुरेख फट निवृत्तीनंतर सापडावी. त्या आनंदात ते स्वतः उमेदवार आहेत हेच विसरले. "मुद्दा बिनतोड आहे," ते म्हणाले आणि जागच्या जागी ठराव सांगू लागले. "डॉक्टरांची मुलगी आपल्या कुळातली नाही, सबब तिच्या लग्नाशी या सभेचा संबंध नाही. रक्त एक आहे, लग्नही होईल. अनुकूल असतील त्यांनी हात वर करा."

सगळ्यांना हायसं वाटलं. हात भराभर वर गेले. पडद्यावरही हात वर गेले, आचाऱ्याने तर पळी वर केली. लिफ्टवाल्याला काही उमजेना, त्याने अर्धा हात वर केला आणि बाईंनी बघितल्यावर खाली घेतला. मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, "डॉक्टर, जिंकलात." आणि ते खोटं नव्हतं. सिद्धान्त वाचला, लग्न वाचलं, अध्यक्षाची खुर्ची कुणी दोघांनी उचलून पुढे आणलीसुद्धा. डॉक्टरांना हवं ते सगळं मिळालं होतं.

"तुमचा हात राहिला," न्यायाधीश म्हणाले. "तेवढा आला की एकमताने."

डॉक्टरांनी हात उचलला. खांद्यापर्यंत आला असेल. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती वाद जिंकली होती, पण जिंकलेल्या माणसासारखी दिसत नव्हती. ओठ घट्ट मिटून जमिनीकडे बघत होती. लहानपणी दात दुखायचा तेव्हा ती अशीच बसायची, बाबा रागावतील म्हणून सांगायची नाही. सभागृहभर माणसं हात वर करून सांगत होती की ही तुमची कुणी नाही, आणि हे त्यांना शिकवलं होतं तिच्याच बापाने. डॉक्टरांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"ही माझी मुलगी आहे," ते म्हणाले.

"कायद्याने आहेच," न्यायाधीश म्हणाले. "प्रश्न कुळाचा आहे."

"माझी मुलगी आहे, दादा. ठराव खोडा."

"मग हा तिचा भाऊ ठरतो."

"नाही ठरत. त्याचे लोक बदकं पाळायचे. आपले काय करायचे ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. खिंड मी काढली, सेनापती मी काढला. मिशासुद्धा मीच काढल्या."

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगावा. कुणी नकली म्हणालं, कुणी चहाचे पैसे परत मागितले. पडद्यावरचे चेहरे एकेक करून मावळले. फक्त थंड देशातले किटलीवाले शेवटपर्यंत बसून हसत होते, कारण त्यांना आपण किटलीवाले आहोत हे पहिल्यापासून माहीत होतं. न्यायाधीश बिनविरोध अध्यक्ष झाले आणि लगेच भाषणाला उभे राहिले. ऐकायला त्यांची सून आणि खुर्च्या भाड्याने देणारा, एवढेच उरले होते.

भाषण चालू असतानाच डॉक्टर झाडापाशी गेले. खिशातून पेन काढलं, आपल्या पानापुढे एक रेघ ओढली आणि तिच्या टोकाला मुलीचं नाव लिहिलं. कापड हलत होतं, अक्षर वेडंवाकडं आलं. नाव लिहून झालं आणि पेन तिथेच अडलं. जन्मभर ज्याने जगाला आडनावं समजावून सांगितली, त्याला पुढचा शब्द लिहिता येईना.

मुलगी मागे येऊन उभी होती. डॉक्टरांनी वळून विचारलं, "पुढे काय लिहू?"

तिने कापडावरचं आपलं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. डोळे पुसले, बापाच्या हातातून पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं.

"काही नको, बाबा," ती म्हणाली. "मला एवढंच हवं होतं."