टोपीखालची बोली

कान तपासणाऱ्या मुलीनं तोंडापुढं पुठ्ठा धरला आणि काहीतरी बोलली. बेनिल्डाला नुसती गुणगुण ऐकू आली.

"काढ तो पुठ्ठा. मी काय तुझे दात मोजणार आहे?"

पुठ्ठा काढून मुलीनं आवाज न करता ओठ हलवले. तेही अर्धंमुर्धंच कळलं. मग ओठ आणि आवाज दोन्ही मिळाले, तेव्हा मात्र बेनिल्डानं वाक्यामागून वाक्य धडाधड म्हणून दाखवलं.

"माझा हाच अंदाज होता," मुलगी हसली. "कान थोडं देतात, डोळे थोडं देतात, पण दोघं मिळून बेरजेपेक्षा कितीतरी जास्त देतात. चेहरा दिसला की तुमचं काही अडणार नाही."

"हिच्या धंद्यात चेहराच दिसत नाही," लेक रोवेना म्हणाली.

फिलिपिन्समधल्या लुसेनाच्या मासळी धक्क्यावर लिलाव ओरडून होत नाही. गिऱ्हाईक तोंडाआड हात धरून दलालीणबाईच्या कानात भाव कुजबुजतं. ज्याचा भाव चढा, त्याची मासळीची पाटी. बेनिल्डा जन्मभर त्या जागेवर बसली होती.

"उद्यापासून मी बसते, नानाय," ती आईला म्हणाली.

"मी मेले की बस."

पहाटे बेनिल्डा घरातली सगळ्यात रुंद काठाची गवती टोपी घालून धक्क्यावर आली. पहिली पाटी लागली. थोराड इसागानी नेहमीसारखा सगळ्यांआधी तिच्या कानाशी वाकला. तिनं त्याची हनुवटी धरून चेहरा समोर वळवला आणि टोपीचा काठ दोघांवर ओढला.

"हे काय नवीन?"

"तुझ्या तोंडाच्या वासानं कान सडला माझा. समोरून बोल."

धक्का हसला. रोवेना हसली नाही. आईचा एक भाव चुकला की तिला उठवायचं, हे ठरवूनच ती पाठीशी उभी होती. एकेक गिऱ्हाईक टोपीखाली येऊन गेलं. बेनिल्डाच्या कपाळावरून घाम ओघळला, पण तिनं नजर कुणाच्या ओठांवरून हलू दिली नाही.

"इसागानी!" तिनं नाव पुकारलं.

सगळे चपापले. गेलं वर्षभर चांगली पाटी इसागानीच्या हाती लागलीच नव्हती. बेनिल्डाच त्याला चारचौघांत चिक्कू म्हणायची.

"आज याचा आकडा ऐकूच आला नाही!" समोरचा एकजण तोंड वाकडं करून म्हणाला. "रोज कसा अख्ख्या धक्क्याला ऐकू जायचा! आम्ही त्याहून थोडा चढा भाव बोललो की काम झालं."

पुन्हा हशा झाला. बेनिल्डाचा हात टोपीच्या काठावर तसाच राहिला.

"इसागानी, वर्षभर माझ्या कानात ओरडत होतास?"

तो मासळीवरचा बर्फ उगाच सारखा करत राहिला.

"माझा आवाजच मोठा आहे, बाई."

रोवेनानं दुसरी पाटी पुढं सरकवली. इसागानी सवयीनं कानाशी वाकला, थबकला आणि समोर आला. बेनिल्डानं टोपी आणखी खाली ओढली.

"बोल," ती म्हणाली. "आणि हळू बोल, मूर्खा."