माझ्या आत गेलेलं भस्म

मित्रांनो, परळी वैजनाथला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या आतल्या खोलीत लोखंडी कपाट, कपाटाच्या खालच्या खणात काळी कापडी पिशवी, आणि त्या पिशवीत मी, एक जुना डिजिटल कॅमेरा. ज्याचं भिंग काढून दुसरं बसवता येतं आणि ज्याच्या पोटात वरखाली होणारा आरसा असतो, त्या जातीचा. आता माझ्या अंगाचं रबर चिकट झालं आहे. बॅटरी चार्जिंग धरत नाही. उजेडाचाही कंटाळा येतो. पण तुम्ही जवळ येऊन बसलाच आहात, तर कीर्तनाला बसतात तसे मांडी घालून बसा. कारण माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं जे काही आहे, ते एका कीर्तनातच घडलं.

माझा जन्म दूर जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं तोंडाला फडकं आणि हाताला मोजे घालून काम करत. धुळीचा एक कणही आत जाऊ द्यायचा नाही, हाच तिथला नेम. तिथून जहाजातून मुंबई, मुंबईहून पुण्याच्या दुकानातली काच. ते दिवस मोठे गमतीचे होते. देशाच्या बाजाराची दारं उघडून काही वर्षं झाली होती आणि जी वस्तू पूर्वी परदेशातून कुणी पाहुणा आणायचा, ती आता दुकानात मांडलेली असायची. परळीतही मोबाईलचे मनोरे उभे राहिले होते. लग्नाची पार्टी विचारायची, "रिळाचा फोटो काढता का कॉम्प्युटरचा?"

या प्रश्नाला कंटाळूनच चन्नप्पांनी मला आणलं.

चन्नप्पा जुने फोटोग्राफर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि दुकानाचं शटर वर करताना तोंडी "शिवा, शिवा." फोटोचा त्यांचा एकच नेम होता. भिंगाचं तोंड बारीक ठेवायचं म्हणजे पुढच्या माणसापासून मागच्या मांडवापर्यंत सगळं स्पष्ट येतं, आणि उजेड कमी पडला की फ्लॅश मारायचा. मला आणा म्हणून हट्ट धरला तो त्यांची सून रुद्राणी हिनं. तिचं माहेर अंबाजोगाईचं. तिथल्या कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकलेली.

"मामा, हे बघा," ती सासऱ्यांना समजवायची. "हा आकडा वाढवला की अंधारातबी दिसतंय. फोटू जरा रवाळ येतो, बाकी काय न्हाई. आणि ही पन्नासची छोटी लेन्स. हिचं तोंड लई मोठं उघडतंय, थोड्या उजेडातबी भागतंय. फ्लॅशची गरजच न्हाई."

"फ्लॅशबिगर फोटू?" चन्नप्पा हसायचे. "मिठाबिगर पिठलं म्हण की!"

पण ‘फ्लॅशची गरज नाही’ हे शब्द त्यांच्या मनात कुठंतरी खोल जाऊन बसले होते. त्याला कारण होत्या अक्का.

अक्का म्हणजे नीलाबाई, चन्नप्पांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनंच धाकट्या भावाला वाढवलं. ती शिवकीर्तन करायची. गावोगावच्या सप्ताहांत, परळीपासून पार लिंबागणेशच्या बाजूपर्यंत तिला बोलावणं असायचं. मित्रांनो, मी पुष्कळ कीर्तनं ऐकली. तिवईवर तासन्‌तास उभा राहून ऐकली. पण अक्कांचं कीर्तन म्हणजे तहानलेल्याला थंड पाणी. आणि नवल असं, की एवढा फोटोग्राफर भाऊ असून कीर्तनात गाणाऱ्या अक्कांचा एकही फोटो घरात नव्हता. होता तो रेशनकार्डावर शोभेल असा, पदर सारखा करून खुर्चीवर ताठ बसलेला.

"तोंडावर वीज पडली की पुढचं चरण हरवतंय, चन्नू," ती म्हणायची. "तुझा फोटू व्हतो, माझं कीर्तन मोडतंय. ऱ्हाऊ दे."

मी आलो त्याच वर्षी अक्कांचा घसा दुखू लागला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि नंतर आवाज राहणार नाही. अक्कांनी एवढंच विचारलं, "मठातला सप्ताह व्हऊ द्याल का, साहेब? शेवटल्या दिवशीचं कीर्तन माझं असतंय." डॉक्टरांनी नाखुशीनं होकाराची मान हलवली.

त्या दिवशी चन्नप्पांनी मला मऊ कापडानं पुसलं. एवढ्या हळुवार हातानं मला त्यानंतर कुणी पुसलं नाही. ते हलक्या आवाजात बोलले, "या येळेला अक्का पायजे. गाताना पायजे."

आणि मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी शेतकरी नांगराची, सुतार करवतीची आणि फोटोग्राफर कॅमेऱ्याची पूजा करतो. चन्नप्पा दरवर्षी आपल्या जुन्या रिळाच्या कॅमेऱ्याला भस्माचे तीन पट्टे ओढायचे, आणि त्याचं काही बिघडायचं नाही. यंदा तर मनात नवस होता. मग पूजा वरवरची कशी चालेल? त्यांनी माझं भिंग फिरवून काढलं. "भिंगाला येगळं, अंगाला येगळं," असं म्हणत त्यांनी चिमूटभर भस्म घेऊन माझ्या उघड्या तोंडाच्या कडेवर बोटं ओढली. परळीत वीज केंद्राची राख वाऱ्याबरोबर येते, म्हणून रुद्राणी मला रस्त्यावर कधी उघडत नसे. त्या राखेपासून मी वाचलो होतो. ही मात्र देवघरातून आली. चिमटीतले कण माझ्या आरशावर उतरले. पुढच्या खटक्याला आरसा उडाला, पडदा सरकला आणि ते कण मागच्या सेन्सरवर जाऊन बसले. सेन्सर म्हणजे चित्र टिपणारा माझा खरा डोळा. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. आम्हा वस्तूंना ओरडता येत नाही.

दिवाळीनंतर साखर कारखान्यावर उसाची पहिली मोळी टाकण्याचा कार्यक्रम झाला. तिथं गावचे पुढारी सुंदरराव मधोमध उभे राहिले. भर उन्हात नेमाप्रमाणे भिंगाचं तोंड बारीक करून चन्नप्पांनी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सुंदरराव फोटोंचं पाकीट घेऊन दुकानात उभे.

"चन्नप्पा, माझ्या टोपीवर माशी बसलेली तुला दिसली न्हाई का बे?"

"माशी? न्हवती की, मालक."

"मग हे काय हाय? आणि ह्या फोटूत बी हाय. ह्यात बी. आमचं भाषण झालं, हार झाले, लोक जेवून गेले, पण माशी हलली न्हाई! कावून? इतकी गोड वाटली व्हय आमची टोपी?"

दुकानातली माणसं खो खो हसली. चन्नप्पा मात्र घामाघूम. त्यांनी रुद्राणी यायच्या आत माझं भिंग काढलं, आतला पडदा उघडा ठेवला आणि चुलीत फुंकावं तशी जोरात फुंकर मारली. भस्म तर हललं नाहीच, वर थुंकीचे चार शिंतोडे पडले.

रुद्राणीनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मामा! तोंडानं फुंकत नसत्यात हो!" मग सासऱ्याचा पडलेला चेहरा पाहून ती हळू आवाजात म्हणाली, "पुण्याला धाडावं लागतंय. पण ते परत येईपर्यंत सप्ताह उरकून जाईल."

चन्नप्पा मटकन स्टुलावर बसले. "मी देवाचं म्हणून लावलं गं. आता अक्काच्या तोंडावरबी हेच डाग येणार."

रुद्राणीनं मला उचललं आणि चुन्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर धरलं. तोंड बारीक करून एक फोटो काढला, डागच डाग. थोडं मोठं केलं, डाग पुसट झाले. पन्नासची लेन्स पुरती उघडली आणि भिंत स्वच्छ! तोंड मोठं असलं की प्रकाश सगळ्या बाजूंनी येतो आणि बारीक कणाची सावली विरून जाते, हे तिला त्या भिंतीनंच शिकवलं.

"पण मामा, तोंड एवढं उघडलं की एकच गोष्ट नीट येती. डोळे धरले तर कान पुसट. माणूस जरा पुढं-मागं झालं की गेलं."

आणि अक्का तर कीर्तनात एका जागी ठरत नसत. चन्नप्पा म्हणाले, "एका जागी थांबती अक्का. शेवटल्या ध्रुपदाला. वीणेकऱ्याच्या उजव्या अंगाला येती, हात कानाला लावती, डोळे मिटती आणि सूर धरती. लहानपणापासून बघतोय मी."

कीर्तन सकाळचं होतं, पण मठाच्या दगडी मंडपात सकाळीही उजेड जपून येतो. मला तिवईवर खांबाला टेकवून उभं केलं, म्हणजे धक्का लागायला नको. रुद्राणी वीणेकऱ्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली, चन्नप्पांनी माझी नजर तिच्यावर बसवून घेतली आणि आपोआप फोकस होणं बंद केलं. चन्नप्पांच्या हातात लांब वायरीचं बटण होतं. फ्लॅश त्यांनी मुद्दाम घरी ठेवला होता. हाताशी असला तर बोट जाईल म्हणाले.

अक्का उभ्या राहिल्या. आवाज खरखरीत झाला होता, तरी काय गोडी होती! त्यांनी स्वतः जोडलेलं चरण लावलं होतं.

*होऊनिया राख। राहीन कपाळी।*
*अंतीचिया वेळी। तुझा संग॥*

शेवटचं ध्रुपद आलं. अक्का वीणेकऱ्याच्या उजव्या अंगाला आल्या. हात कानाला गेला, डोळे मिटले. सूर वर चढला, आणि फाटला. मग निघालाच नाही.

मृदंगावरचा हात वरच्या वर राहिला. टाळ थांबले. अक्का माझ्या नजरेत बरोबर होत्या, मिटल्या पापणीचा एक केसही पुसट नव्हता. खिडकीतला उजेड गालावर होता. चन्नप्पांचा अंगठा बटणावर होता.

मी मनात म्हणालो, नका दाबू. माझा आरसा उडतो तेव्हा खटाक् असा आवाज होतो. त्या शांततेत तो कुणाच्या थोबाडीत मारल्यासारखा वाजला असता.

चन्नप्पांनी दाबलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण अंगठा हलला नाही. मला वाटलं, गेला तो क्षण. आयुष्यभर हुकलं ते याही वेळी हुकलं.

तेवढ्यात मागून म्हाताऱ्या कौशल्याबाईंनी बेसूर आवाजात तेच चरण उचललं. शेजारणीनं धरलं. मग टाळकऱ्यांनी, मग पुरुषांनी, मग सगळ्या मठानं. टाळ कडाडले. अक्कांनी डोळे उघडले नाहीत. हात कानावरच राहिला. आणि त्या टाळांच्या गजरात चन्नप्पांनी बटण दाबलं. एकदाच. माझा खटका माझा मलाही ऐकू आला नाही.

दुकानात कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोटो उघडला. एकही डाग नव्हता. पण अक्कांचं तोंड मिटलेलं होतं.

"मामा, गातानाचा न्हाई आला," रुद्राणी ओशाळून म्हणाली.

चन्नप्पा पडद्याजवळ गेले. "गाताना तर गावोगावच्या लोकांनी बघितलीय गं तिला. ऐकताना कुणी बघितलीय?"

ऑपरेशन झालं. आवाज गेला. अक्का घरी आल्या तेव्हा फोटो भिंतीवर होता. त्या कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मग फोटोतल्यासारखाच हात त्यांनी कानाला लावला आणि आवाज न होता हसल्या.

मी पुण्याला जाऊन साफ होऊन आलो. पुढच्या खंडेनवमीला चन्नप्पांचा हात सवयीनं पुन्हा माझ्या भिंगाकडे गेला. शेजारी बसलेल्या अक्कांनी त्या हातावर चटकन एक टपली मारली, भस्माची वाटी ओढून घेतली, मला पिशवीत घातलं आणि पिशवीवर तीन पट्टे ओढले.

नंतर माझ्याहून हुशार कॅमेरे आले, मग मोबाईल आले. चन्नप्पा गेले, अक्का गेल्या. स्टुडिओ रुद्राणी चालवते. खंडेनवमीला ती पिशवी बाहेर काढते, पट्टे ओढते आणि परत ठेवते. मला उघडायला तिला सवड नसते. तिचं चुकत नाही, मित्रांनो, दुकान मोठं झालं आहे. मीच दमलो आहे.

मठातला सप्ताह अजून होतो. इथं कपाटात टाळ ऐकू येतात. ऐकतो, सगळे आपापला मोबाईल उंच धरून उभे असतात, आणि गाणाऱ्याच्या डोळ्यांवर दिव्यांचा झोत असतो. एवढंच मागणं आहे. गाणाऱ्याच्या तोंडावर उजेड मारू नका. त्याचा सूर तुटला तर बटणावरचा अंगठा आवरा, आणि आधी त्याचं चरण उचला. फोटो मग निघेल.

आणि वर्षातून एकदा तरी मला हातात घ्या, नवी बॅटरी घालून एखादा खटका दाबा. वस्तू वापरली नाही की आतून बुरसते. परत ठेवताना भस्मही लावा, मला आवडतं ते. फक्त पिशवीला लावा.