तापाची अट

सुनेची पाणमोट पाचव्याच महिन्यात फुटली. बाळ जगणार नाही, हे डॉक्टरबाईंनी सकाळीच सांगून टाकलं. पण बाळाचे ठोके चालू होते, आणि देवाच्या नावाने हा दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचा नियम होता : ठोके चालू असताना गर्भ काढायचा नाही, आईच्या जिवावर बेतलं तरच. ते बेतलंय की नाही, हे अध्यक्षांनी ठरवायचं. अध्यक्षांना वैद्यकातलं एकच कळायचं, ताप.

"म्हणजे ताप येईपर्यंत थांबायचं?" सासूबाईंनी विचारलं. "आजवर दवाखान्यात ताप घालवायला आले. आणायला पहिल्यांदाच."

डॉक्टरबाईंना हसू आलं असतं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

दुपारी सुनेला हुडहुडी भरली, अंग भाजायला लागलं. डॉक्टरबाईंनी फोन लावला. "प्रार्थना आटोपून येतोच," अध्यक्ष म्हणाले. तोवर सिस्टरने कळवळून तापाची गोळी दिली. सासूबाईंनी कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या.

अध्यक्ष आले, चष्मा पुसून थर्मामीटर न्याहाळला आणि खुलले. "उतरला की! प्रार्थना फळली."

"गोळी दिली होती, साहेब," सिस्टर पुटपुटली.

"बुद्धी देणारा तोच ना?"

माणूस वाईट नव्हता. दया त्यांच्यापाशी भरपूर होती, पण सगळी घाऊक. एकेकट्या माणसाला किरकोळीत द्यायची वेळ आली की हात आखडायचा.

"नाडी बघा, किती पळतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत विष पसरतंय."

"ताप आला की कळवा."

सासूबाईंचा हात पट्टीवरच थबकला. "डॉक्टर, पट्टी काढू का? चढेल परत."

"काढा, आई," सून डोळे मिटूनच म्हणाली.

डॉक्टरबाई त्या दोघींकडे बघत राहिल्या. मग सुनेजवळ वाकल्या. "आत्ताच मोकळं करते तुला. चालेल?"

तिने मान हलवली.

"पट्टी असू द्या. सिस्टर, थिएटर तयार करा."

"बाई, माझी परवानगी नाही!" अध्यक्ष म्हणाले. "उद्या तुमच्या नोकरीचं काय होईल?"

"उद्याचं उद्या बघू. आत्ता दारातून जरा सरकता का? स्ट्रेचर न्यायचंय."

अध्यक्ष मुळात सभ्य. कुणी वाट मागितली की सरकायची सवय होती, ते सरकले.

सासूबाई स्ट्रेचरबरोबर चालत राहिल्या, पट्टीवरचा हात न काढता. थिएटरच्या दाराशी सिस्टरने तो हळूच बाजूला केला. मग ओली पट्टी मुठीत घेऊन त्या बाकावर टेकल्या. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. पुसायचंही त्यांच्या जिवावर आलं होतं.