खोकल्याचा खटका

मित्रांनो, मी एक जुना खटका आहे. तुमच्या अंगठ्याएवढा, काळा, दाबला की आत जाणारा आणि सोडला की वर येणारा. न्यूयॉर्कमधल्या एका टेलिव्हिजन नेटवर्कमध्ये, निवेदकाच्या खोलीत, मी पस्तीस वर्षं टेबलाला घट्ट बसवलेला होतो. सगळे मला खोकल्याचा खटका म्हणत.

माझं काम समजायला सोपं आहे. माझ्या पोटात चांदीचा मुलामा दिलेल्या दोन पट्ट्या आहेत. मला दाबलं की त्या एकमेकींना टेकतात आणि मायक्रोफोनचा आवाज पुढे जायचा थांबतो. निवेदकाला खोकला आला की त्याने मला दाबायचं, खोकून घ्यायचं आणि सोडायचं. देशभरच्या लोकांना ऐकू येते ती फक्त छोटीशी शांतता. ती शांतता मी तयार करतो.

तेव्हा दोन कार्यक्रमांच्या मधे बोलण्यासाठी नेटवर्क पगारावर माणसं ठेवत असे. नेटवर्कचं नाव सांगायचं, पुढचा कार्यक्रम सांगायचा. दहा सेकंदांचं काम, मग अर्धा तास शब्दकोडं. आमचे गॉर्डन त्यांतलेच. ते १९५८ साली आले, माझ्याच वर्षी. त्यांचा चेहरा कोणाला दिसत नसे आणि स्वतःचं नाव सांगायची परवानगी नव्हती, तरी ते रोज टाय बांधून येत. "टाय सैल की आवाज सैल," असं म्हणत. बोलण्याआधी ते घड्याळ काढून माझ्याशेजारी ठेवत, म्हणजे मनगट टेबलावर आपटून आवाज व्हायला नको.

आता खरं सांगतो. मला मायक्रोफोनचा हेवा वाटायचा. तो माझ्यापासून अठरा इंचांवर, चकचकीत दांड्यावर उभा असे. पाहुणे त्याच्याबरोबर फोटो काढत. दर सोमवारी त्याला मऊ कापडाने पुसत. माझ्यावर कॉफीचा डाग पडला तो पडलाच. एकदा शाळेची सहल आली. एका मुलीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा काय करतो?" सोबतचा माणूस म्हणाला, "काही करत नाही. फक्त थांबवतो." ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही.

१९९३ साल उजाडेपर्यंत बाकीचे निवेदक गेले होते. गॉर्डन एकटे उरले, वय एकाहत्तर. शेजारच्या खोलीत निवेदनं साठवून ठेवणारा कॉम्प्युटर आला. तो बसवायला पुण्याचा राकेश आला होता. यंत्रांची देखभाल नागपूरहून आलेली उपासना करायची. ठरलं असं, की शुक्रवारी दुपारी तीन वाजता गॉर्डन शेवटचं निवेदन करतील आणि पहिल्यांदाच स्वतःचं नाव सांगतील. त्यांना एवढंच हवं होतं. नाव स्वतः, थेट प्रक्षेपणात, स्वच्छ सांगायचं.

मंगळवारी त्यांनी मला दाबलं आणि तरीही खोकला देशभर ऐकू गेला.

मित्रांनो, एक कबुली देतो. एकदा तरी तो खोकला लोकांना ऐकू जावा, म्हणजे माझी किंमत कळेल, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. त्या क्षणी मला आनंद झाला. मग मी गॉर्डनचा चेहरा पाहिला.

मॅनेजर म्हणाले, "शुक्रवारचं आधीच रेकॉर्ड करू." गॉर्डननी घड्याळ उचललं आणि ते हातात धरूनच बाहेर गेले.

लगेच दोन माणसं मायक्रोफोन तपासायला घेऊन गेली. तीन तास तपासला. चूक माझी होती, पण तीसुद्धा त्याच्याच नावावर गेली!

दुसऱ्या दिवशी उपासना मीटर घेऊन आली. मागून राकेश आला.

"माइक ओके आहे यार," ती म्हणाली.

"मग गॉर्डन काका बटण दाबायला विसरले असतील. सेव्हंटी-वन आहेत. सोड ना, माझं मशीन खोकत नाही."

"तुझं मशीन श्वासपण घेत नाही. त्यांचा अंगठा मी बघितलाय. खोकल्याच्या आधी खाली जातो." तिने मीटरच्या तारा मला लावल्या. "हे बघ, दाबल्यावर रेझिस्टन्स एक ओह्मसुद्धा नको. इथे नऊशे दाखवतंय."

"कधी क्लीन केला होता?"

तिने देखभालीचं रजिस्टर उघडलं. "माइकचा कॉलम आहे. हेडफोनचा आहे. खुर्चीला ऑइल घालायचापण आहे. याचा कॉलमच नाही, राकेश!"

"म्हणजे थर्टी-फाइव्ह इयर्स कोणी उघडलाच नाही?"

तिने मला उघडलं. चांदीवर काळा थर चढला होता, म्हणून पट्ट्या टेकूनही वीज नीट जात नव्हती. स्पिरिटमध्ये बुडवलेली जाड कागदाची पट्टी तिने आत फिरवली. ती काळी होऊन बाहेर आली. तीच पट्टी घेऊन ती मॅनेजरकडे गेली. बराच वेळ वाद झाला. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. पण रेकॉर्डिंग तयार ठेवा. जराही खरखर झाली तर मशीन लावायचं."

शुक्रवारी गॉर्डननी टाय नीट केला आणि घड्याळ माझ्याशेजारी ठेवलं. काचेपलीकडे राकेशचं बोट कॉम्प्युटरच्या बटणावर होतं. निवेदन नीट झालं. नाव तेवढं उरलं, आणि नेमका तेव्हाच खोकला आला. अंगठा खाली आला. माझ्या पट्ट्या टेकल्या. एक, दोन, तीन, चार सेकंद. मशीन लावायची खूण म्हणून मॅनेजरनी हात वर केला. राकेशने गॉर्डनच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि स्वतःचं बोट बाजूला घेतलं.

मग अंगठा उठला आणि गॉर्डननी आपलं नाव सांगितलं.

पुढच्या आठवड्यात पत्रं आली. नावाआधीच्या त्या शांततेने डोळे भरून आले, असं अनेकांनी लिहिलं होतं. माझ्या कामाची ती पहिली स्तुती. पत्रं अर्थात गॉर्डनच्या नावाने होती. त्यांनी ती वाचली, खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मला टेबलावरून सोडवून उपासनाच्या हातात दिलं. "माइक नेटवर्कवाले ठेवून घेतील," ते म्हणाले, "रडवलं ते याने."

मायक्रोफोन आता नेटवर्कच्या दारात काचेच्या पेटीत आहे. मी उपासनाच्या घरी शेल्फवर आहे. त्याचा हेवा अजून वाटतो, खोटं कशाला बोलू? पण दर वर्षी ती मला उघडते, कागदाची पट्टी फिरवते आणि पट्टी पांढरीच बाहेर येते.

मित्रांनो, तुमच्या आसपासही कोणीतरी असं असेल, ज्याचं काम नीट चाललं की दिसतच नाही. ते बिघडायची वाट पाहू नका. तुमच्या रजिस्टरमध्ये आजच त्याचा एक रकाना आखा.